सिंहिणीचा ठावठिकाणा

मेरितेई आला तो भाला न घेता, आणि तेवढ्यावरूनच मला कळलं की प्रकरण साधं नाही. रागावलेला मासाई भाला घेऊन येतो, तंबूसमोर उभा राहून तोंडसुख घेतो, चहा पितो आणि जातो. भाला घरी ठेवून, धुतलेलं लाल वस्त्र खांद्यावर टाकून, सावकाश चालत आला म्हणजे त्याचं काहीतरी ठरलेलं असतं.

"डाक्तारी, तुझ्या गाई कशा आहेत?"

माझ्याकडे गाई नव्हत्या. हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. पण आधी गाई, मग पोरंबाळं, मग ऊनपाऊस आणि मग काम, हा तिथला शिरस्ता. मला ना गाई ना पोरंबाळं, त्यामुळे माझी विचारपूस लवकर आटपायची.

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. "तुझ्या?"

"एक बैल कमी झाला."

कोणता ते विचारावं लागलं नाही. पांढऱ्या पाठीचा, एक शिंग पुढे वळलेला तो बैल सगळ्यांना माहीत होता. आमच्या संगमनेरकडे बैलाचं कौतुक पोळ्याला, वर्षातून एकदा. मेरितेई त्या बैलावर रोज नवं गाणं रचायचा आणि चरायला नेताना मोठ्यानं म्हणायचा. तिशीही न गाठलेला हा माणूस स्वतःच्या लग्नाबद्दल कधी इतकं बोलला नव्हता.

"नालांगू?" मी विचारलं.

"मागच्या डाव्या पायाला बोट कमी. तीच. काल दुपारी, मी पन्नास पावलांवर असताना."

माझा मागकाढ्या कोइनेट जीपचं चाक बदलत होता, तो हात पुसत जवळ येऊन उभा राहिला. कोइनेटनं तरुणपणी स्वतः तीन सिंह भाल्यानं मारले होते, आणि आता त्याच माळावर तो सिंह मोजायचा. नालांगूच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारी रेडिओ कॉलर घातली तेव्हा तिचं डोकं त्यानंच मांडीवर धरलं होतं, नावही त्यानंच ठेवलं होतं. नालांगू म्हणजे परमुलखातली. ती सीमेपलीकडून, टांझानियातून आली होती. "तुझ्यासारखीच," तो मला चिडवायचा. "फक्त तिला पिल्लं तरी आहेत."

"तिची पिल्लं सहा आठवड्यांची आहेत," मी मेरितेईला म्हणाले. "त्यांना सोडून लांब जाता येत नाही, म्हणून ती गुरांवर येते. जरा मोठी झाली की..."

"मला सिंहीण शिकवू नकोस," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही सात जण आहोत. तुला सांगायला आलो, कारण माझ्या आईच्या गाईचं आडवं आलेलं वासरू तू हात घालून फिरवलंस. तुझ्या पाठीमागे करणार नाही."

"कायद्यानं गुन्हा आहे, मेरितेई."

"कायदा नैरोबीला राहतो. इथे आला तर त्यालाही चहा पाजू." उठता उठता तो म्हणाला, "उद्या सकाळी पेटी बोलेल. आम्ही ऐकू आणि जाऊ."

पेटी म्हणजे वॉकीटॉकी. केनियाच्या दक्षिण टोकाच्या त्या माळावर सात वस्त्या होत्या आणि कॉलर घातलेले चार सिंह. प्रत्येक वस्तीला आम्ही एकेक पेटी दिली होती आणि ती चार्ज करायला उन्हात ठेवायची एक सौरपट्टी. पहाटे कोइनेट टेकाडावर चढून अँटेना फिरवायचा, चौघांचा ठावठिकाणा काढून मला सांगायचा, आणि बरोबर सहाला मी तो पेटीवर सांगायचे. अमका इथे, तमकी तिथे. गुराखी त्या बाजूला जनावरं नेत नसत. एवढंच काम. काटेरी कुंपणं, राखणीची कुत्री, शाळाशाळांतून व्याख्यानं, सगळं करून पाहिलं होतं. त्यात सर्वांत उपयोगी ठरली ती ही दोन मिनिटांची बातमी. मी तिकडे पोचण्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी मेलेल्या गाईवर कीटकनाशकाचे जांभळे दाणे पेरले होते. त्या एका गाईनं आठ सिंह नेले, आभाळभर गिधाडं नेली, आणि तरसं किती ते कोणी मोजलंच नाही. पेटी आल्यापासून तीन वर्षांत ते दाणे कोणी विकत आणले नव्हते.

मी ढोरांची डॉक्टर. गावाकडे बिबट्यांच्या कामात पडले आणि कोणाच्या तरी शिफारशीनं तिकडे गेले. वय तेव्हा चौतीस. आमचं बोलणं स्वाहिली, मासाई आणि हातवारे यांच्या खिचडीत चालायचं. इथे ते सरळ मराठीत लिहिते आहे, त्यात त्यांचा ठसका उतरला नसेल तर दोष माझा.

पेटीची सर्वांत इमानी श्रोती होती नोलारी. पन्नाशीची विधवा, मुलगा नाही, त्यामुळे आपल्या शेळ्या आणि चार गाई ती स्वतःच चारायची. बातमी संपली की प्रत्येक वस्तीनं बटण दाबून "ऐकलं" म्हणायचं असा नियम होता. नोलारीच्या वस्तीचं "ऐकलं" नेहमी शेजारचा कोणीतरी येऊन म्हणून जायचा. "पेटीला मी कान दिलेत," ती म्हणायची, "तोंड देणार नाही. आत गेलेलं बोलणं परत कोण काढून देणार?" बाकी मला ती घरच्यासारखी. मी तिला येयो म्हणायचे, म्हणजे आई. दर तीन-चार दिवसांनी ती धुराचा वास असलेलं दूध भोपळ्यातून घेऊन यायची, आणि मी ते संपवेपर्यंत समोरून हलायची नाही.

मेरितेई गेल्यावर मी नैरोबीला फोन लावला. वन्यजीव खात्याची पिंजऱ्याची गाडी देशाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि इतकी लहान पिल्लं असताना सिंहीण हलवत नाहीत, असंही कळलं. आमच्या संस्थेचे संचालक म्हणाले, "गावकऱ्यांशी संवाद वाढवा." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोइनेट टेकाडावरून उतरला. "नालांगू पश्चिमेला, कोरड्या नदीत. बाकी तिघं उत्तरेला, एकत्र."

मी रात्रभर विचार केला होता. पश्चिमेची विहीर पंधरा दिवसांपूर्वी आटली होती, म्हणजे तिकडे गुरं जाणार नव्हती. पूर्वेला काळ्या दगडांची टेकडी, तिथे गवताची काडी नव्हती, म्हणजे तिकडेही कोणी जाणार नव्हतं. दोन्हींमध्ये चौदा किलोमीटर. कोणाचंच नुकसान होणार नव्हतं. मी बटण दाबलं, आधी उत्तरेचे तिघं सांगितले आणि मग म्हणाले, "नालांगू पूर्वेला, काळ्या दगडांपाशी."

सात वेळा "ऐकलं" आलं. त्यातलं एक मेरितेईचं होतं.

कोइनेट चहा ओतत होता. तो म्हणाला, "मी पश्चिम सांगितलं होतं."

"हो."

त्यानं माझा कप भरला, स्वतःचा भरला. "बरं," तो म्हणाला, आणि परत जीपकडे गेला.

मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आपला तो बाब्या म्हणतात, तशी नालांगू माझा बाब्या होती. मेरितेई आणि त्याचे सहा सोबती भाले खांद्यावर टाकून पूर्वेच्या धुळीत दिसेनासे झाले, तेव्हा मी दुसरा कप चहा घेतला आणि साखरही जास्त घातली.

दहा वाजता पेटी खरखरली. नोलारीची शेजारीण बोलत होती, नुसती ओरडत होती. नदी, सिंहीण, नोलारी, एवढे तीन शब्द कळले.

नदीच्या दोन्ही काठांना छत्रीसारख्या बाभळी आहेत, आणि त्या महिन्यात त्यांच्या शेंगा गळतात. गवत संपलं की बायका लांब आकड्या घेऊन तिथे जातात, फांद्या हलवतात आणि शेळ्यांना शेंगा खाऊ घालतात. हे मला कोणी सांगायला नको होतं. संगमनेरला शाळेतून आल्यावर मी स्वतः आमच्या शेळीसाठी ओच्यात बाभळीच्या शेंगा गोळा केल्या आहेत. रात्रभर जागून मी पाण्याचा विचार केला होता, शेंगांचा केला नव्हता.

नोलारी एका खोडाला टेकून बसली होती. डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत उघडा पडला होता, आणि स्वतःच्या वस्त्रानं तिनं तो दाबून धरला होता. शेंगा वेचता वेचता ती पिल्लांच्या झुडपाशी गेली होती. सिंहिणीनं तिला पाडलं, चावा घेतला, आणि ती पुन्हा झुडपात गेली. मारायचंच असतं तर मारलं असतं.

"शेळ्या मोज," नोलारी मला म्हणाली.

"आधी हात बघू दे, येयो."

"आधी मोज."

मी मोजल्या. आकडा दोनदा तोच आला. "एकतीस."

"मग सगळ्या आहेत," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

गाईंना टाके घालायच्या दोऱ्यानं मी तिचा हात जमेल तसा शिवला आणि आम्ही तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तीन तासांचा रस्ता. कोइनेट गाडी चालवत होता, मी मागे तिची नाडी धरून बसले होते. वाटेत चार वेळा मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं आणि चारही वेळा पाणी हवं का म्हणून विचारलं. तिला दर वेळी पाणी नकोच होतं.

हात वाचला. दोन बोटं मात्र पुढे कधी वळली नाहीत.

पाच दिवस मी तिच्याजवळ दवाखान्यात राहिले. इकडे पेटी बंद होती. कोइनेटला मी निरोप धाडला होता की तू बोल, तर त्यानं उलट निरोप धाडला, "तुझी जागा आहे, तूच बोल." मेरितेईचे लोक त्याच दिवशी नदीत उतरणार होते. पण म्पोके नावाचा तिथला सर्वांत वडीलधारा माणूस काठी घेऊन वाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, नोलारी परत येईपर्यंत कोणी भाला उचलायचा नाही. जिचं रक्त सांडलं तिचं आधी ऐकायचं.

सहाव्या दिवशी सकाळी मोठ्या उंबराखाली बैठक बसली. पुरुष पुढे, बायका मागे. अशा बैठकीत बायका बसतात, बोलत नाहीत. नोलारीला हात गळ्यात बांधून पुढे बसवलं होतं, म्पोकेच्या शेजारी. मला एक स्टूल दिलं होतं, आणि त्या स्टुलावर मी सर्वांपेक्षा उंच दिसत होते. खाली बसायला दिलं असतं तर बरं झालं असतं.

मेरितेई बोलायला उठला. त्यानं आवाज चढवला नाही.

"पेटी पूर्व म्हणाली. सातही वस्त्यांनी ऐकलं. आम्ही पूर्वेला गेलो. काळ्या दगडांत एक पाऊल उमटलेलं नव्हतं. तिकडे पश्चिमेला नोलारीला फाडलं. म्हणजे पेटी खोटं बोलली. पेटीला स्वतःचं तोंड नाही. तिच्या आत बोलतं कोण, ते सगळ्यांना माहीत आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभी राहिले. मला कबूलच करायचं होतं, निदान इतकी वर्षं मी स्वतःला तसं सांगत आले आहे. पण माझ्या आधी नोलारी बोलली.

"पेटी काय म्हणाली मला माहीत नाही."

म्पोकेनं तिच्याकडे वळून पाहिलं.

"माझी पेटी त्या दिवशी मेलेली होती," नोलारी म्हणाली. "आदल्या दिवशी पट्टी उन्हात ठेवायला विसरले. शेजारी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. शेंगा दुसऱ्या कोणी वेचून नेल्या तर, म्हणून घाईनं गेले. चूक माझी आहे."

"आणि आम्हाला ती पूर्वेला दिसली नाही, ते कसं?" मेरितेईनं विचारलं.

मग म्पोकेनं हातातली काठी आडवी ठेवली. "सिंहाला चार पाय असतात. सहाला पूर्वेला असेल, दहाला पश्चिमेला."

सहा आठवड्यांची तीन पिल्लं घेऊन कोणतीही सिंहीण चार तासांत चौदा किलोमीटर चालत नाही. आणि मेलेल्या पेटीवरून सहाला "ऐकलं" येत नाही, की दहाला शेजारीण ओरडत नाही. त्या उंबराखाली बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही. कोणी तसं म्हणालं नाही. मेरितेई नोलारीकडे बघत राहिला, मग खाली बसला. "येयो म्हणते तर तसं," तो म्हणाला.

"उद्यापासून पेटी बोलू दे," म्पोके म्हणाला. "आणि माणसाला फाडलेल्या सिंहिणीसाठी मी आता कोणाच्या वाटेत बसणार नाही."

मी अजून उभीच होते. आता बसावं की बोलावं, असा क्षणभर प्रश्न पडला, आणि मी बसले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज आज सतरा वर्षांनीही जात नाही.

दुपार कलल्यावर मी नोलारीच्या घरी गेले. गाई परतल्या होत्या. शेजारीण दूध काढत होती आणि नोलारी भोपळा दोन गुडघ्यांत धरून बसली होती. मी शेजारी जमिनीवर बसले.

"येयो, तुझी पेटी चालू होती."

"होती."

"तू ऐकलं होतंस."

"ऐकलं म्हणून तर नदीत गेले." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. भोपळा जरा तिरका केला, धार नीट पडावी म्हणून.

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुला हाकलून दिलं असतं. ते एक वेळ चाललं असतं, दूध तरी वाचलं असतं माझं." ती हसली, मग हात ठणकला म्हणून थांबली. "पण उद्यापासून पेटी कोणी ऐकली नसती. मग कोणीतरी सीमेवरच्या दुकानातून जांभळे दाणे आणले असते. ते दाणे विचारत नाहीत, यातली नालांगू कोण आणि बाकीचे कोण. मागच्या वेळी माझा कुत्रा गेला त्यात. त्यानं कोणाचा बैल खाल्ला होता?"

"मी तिला वाचवायला गेले, येयो."

"माहीत आहे. मेरितेई बैलापायी वेडा झाला, तू तिच्यापायी. मध्ये आम्ही राहतो, आम्हाला कोणी विचारलं नाही."

शेजारीण दुसऱ्या गाईकडे गेली. नोलारीनं भोपळ्याला झाकण लावलं, एका हातानं, दोनदा प्रयत्न करून. मी मदतीला हात पुढे केला तो तिनं बाजूला सारला.

"उद्या काय सांगणार आहेस?"

"मेरितेई ऐकणार आहे."

"मीही ऐकणार आहे."

"आणि मी आजारी पडले तर? उद्या बोललेच नाही तर?"

"तर तुझी दोन खोटी होतील. माझं धरून तीन." तिनं भोपळा माझ्या हातात दिला. "पी. सगळं पी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोइनेट टेकाडावरून उतरला आणि जरा लांबच उभा राहिला. "नदीतच आहे," तो म्हणाला. "त्याच झाडांत." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला वाटत असेल तर पुन्हा वर जाऊन बघतो. कधी कधी अँटेना चुकते."

"तुझी चुकत नाही," मी म्हणाले.

सहा वाजले. मी बटण दाबलं. "तिघं उत्तरेला. नालांगू पश्चिमेला, नदीत, शेंगांच्या झाडांपाशी. तिकडे कोणी जाऊ नये." शेवटचं वाक्य मी रोजच म्हणायचे.

सात वेळा "ऐकलं" आलं. मेरितेईचं सर्वांत शेवटी.

आम्ही दोघं टेकाडावर जाऊन बसलो. जीप घेऊन आडवं जावं का, असं कोइनेटनं एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अँटेना जोडली. कॉलरचे ठोके येत होते, एकसारखे, घड्याळासारखे. दहा वाजले, अकरा वाजले, ठोके येतच होते. सात माणसं नदीपर्यंत पोचून परत यायलाही तेवढा वेळ पुरेसा होता. बारा वाजता कोइनेटनं डबा उघडला आणि आम्ही भाकरी खाल्ली. त्याला बहुतेक वाटत होतं तेच मलाही वाटत होतं, की मेरितेईनं विचार बदलला असावा. मी एकदा हसलेसुद्धा, कशावर ते आठवत नाही.

दोन वाजता ठोके एकदम दुप्पट वेगानं पडू लागले.

त्या कॉलरमध्ये तशी सोय असते. जनावर सलग चार तास जराही हललं नाही की ठोक्यांचा वेग दुप्पट होतो, म्हणजे ते मेलं असं समजायचं. नालांगू दहालाच गेली होती. भाकरी खाताना आम्ही जे ठोके ऐकत होतो ते मेलेल्या सिंहिणीचे होते. कोइनेटनं रिसीव्हर बंद केला, अँटेना काढली, आणि तिची वायर नेहमीपेक्षा नीट गुंडाळली.

चार वाजता मेरितेई तंबूवर आला. सिंह मारून आलेले तरुण गात येतात, वस्तीवस्तीतून नाचतात. हे गात आले नाहीत. एकाची पोटरी फाटली होती, ती मी शिवली, त्याच दोऱ्यानं. तोवर मेरितेई बाहेर उभा होता. मग आत येऊन त्यानं कॉलर टेबलावर ठेवली. जखमी सोबत्याला चालता येईपर्यंत ते नदीतच बसून होते, आणि निघताना ती काढून, धुऊन आणली होती.

"तू खरं सांगशील असं मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "तू पश्चिम म्हणालीस म्हणून आम्ही सकाळी पूर्वेलाच निघालो होतो."

"मग?"

"वाटेवर नोलारी उभी होती. शेळ्या नव्हत्या, काही नव्हतं, नुसती उभी. म्हणाली, कुठे निघालात? मी म्हणालो, पूर्वेला. तर म्हणाली, पेटी पश्चिम म्हणते आहे, पश्चिमेला जा. आमच्यातला एक हसला. तेव्हा तिनं गळ्यातला हात सोडवून आम्हाला दाखवला. म्हणाली, पेटीवर माझा भरवसा आहे, तुमचा का नसावा?"

तो गेला. जाताना गाई कशा आहेत ते त्यानं विचारलं नाही.

मला नोलारीचा राग आला. इतका राग मला त्या मुलखात कोणाचाच आला नव्हता, मेरितेईचाही नाही. तिनं वाटेवर उभं राहायलाच हवं होतं का? तोंड मिटून घरी बसली असती तर सात जण काळ्या दगडांत उन्हं खात हिंडले असते, मी खरं बोलले होतेच, आणि नालांगू वाचली असती. सगळ्यांचंच निभावलं असतं. मी कॉलर कपड्यांच्या पेटीत तळाशी टाकली आणि त्या संध्याकाळी जेवले नाही.

पिल्लांना आम्ही लगेच आणि नंतरही शोधलं. दोन मेलेली सापडली. तिसरं पुढे उत्तरेच्या तिघांत दिसलं असं कोइनेट सांगतो. अजूनही कधीमधी त्याचा फोन येतो, तेव्हा सांगतो. मला ते कधी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा टेकाडावरून उतरला आणि उत्तरेच्या तिघांचा ठावठिकाणा सांगून चहाला लागला. मी पेटी पुढ्यात घेतली. सहा वाजले. मी बटण दाबलं आणि तोंडातून शब्द निघेना. चार नावांची सवय झालेली जीभ तिनावर कशी थांबवायची ते कळेना, आणि खरं सांगायचं तर सांगायची इच्छाही नव्हती. मरो ती पेटी, असं मला स्वच्छ वाटलं. मी बटण सोडलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. सातही वस्त्यांवर गुरं कुंपणाच्या तोंडाशी थांबली असणार. कोइनेट किटली हातात धरून माझ्याकडे बघत होता.

पेटी खरखरली. कोणीतरी बटण दाबलं होतं आणि बोलत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या. मग आवाज आला, गरजेपेक्षा बराच मोठा, पेटीत कधीच न बोललेल्या माणसाचा.

"डाक्तारी," नोलारी म्हणाली, "बाकीचे कुठे आहेत?"

मी सांगितलं.